ओटा बांधण्याआधी हिशोब मांडा

सुगी आटोपून चार पैसे हातात आले की आपले लक्ष घराकडे जाते. पेठ तालुक्यात फिरताना या दिवसांत हमखास एक प्रश्न कानी येतो : "साहेब, दारापुढे ओटा करायचा आहे. खर्च किती येईल?"

मागे करंजाळीकडच्या एका घरी असाच विषय निघाला. मुलगा नाशिकला कामाला. एका हॉटेलाच्या आवारात त्याने लाकडासारख्या फळ्यांचा ओटा पाहिला आणि तसाच घरी करायचे मनात घेतले. आजीला हवी होती नागली वाळवायला टणक जागा. पैसा होता भाताचा. त्यातूनच आगोटीचे सामान आणि पुढच्या हंगामाचे बी-खत व्हायचे होते. मग पडवीत बसून आम्ही वहीवर हिशोब मांडला. तो तुमच्याही उपयोगी पडेल.

या नव्या फळ्या लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक एकत्र करून बनवतात. त्यांना वाळवी सहसा लागत नाही, रंगही द्यावा लागत नाही. पण दुकानदार भाव सांगतो तो नुसत्या फळीचा, चौरस फुटावर. फळीखाली दर सव्वा फुटाला आडवा आधार लागतो. तो सांगाडा, क्लिपा, कारागीर आणि सावळघाट चढून येणाऱ्या गाडीचे भाडे वेगळेच. शिवाय फळ्यांखालची जागा पोकळ राहते. पावसाळ्यात तेथे उंदीर आणि उंदरामागे साप आलाच म्हणून समजा. फटींतून नागली गळते, ती वेगळी.

आता दगड-फरशीचा ओटा पाहू. लांबी-रुंदी 10 फूट, उंची दीड फूट, एक बाजू घराच्या जोत्याला लागून. उरलेल्या तीन बाजूंना एक फूट जाडीची भिंत, पाया दीड फूट खोल. साधारण सामान असे लागेल :

दगड : 1 ब्रास, म्हणजे 100 घनफूट.
भरावाचा मुरूम : 1 ब्रास.
वाळू : अर्धा ब्रास.
खडी : पाव ब्रास.
सिमेंट : 50 किलोच्या 8 ते 9 गोण्या.
शहाबादी फरशी : 100 चौरस फूट, तुटफुटीसाठी थोडी जास्त.

प्रत्येक ओळीपुढे आपल्या बाजारचा आजचा भाव लिहा, गाडीभाडे धरा, गवंड्याची मजुरी मिळवा. बेरजेवर दहावा हिस्सा वरखर्चाला ठेवा. फळ्यांचा हिशोबही असाच पूर्ण करा आणि मगच दोन्ही बेरजा शेजारी ठेवून पाहा.

बचत कोठे करावी? पाया खणणे, दगड गोळा करणे, मुरूम भरणे ही कामे घरच्यांनी व सावडीने करावीत. गवंडी फक्त बांधकामाला आणि फरशीला लावावा. गुळगुळीत फरशीचा हट्ट नको. खडबडीत फरशी स्वस्त पडते आणि पावसात पायही घसरत नाही.

बचत कोठे करू नये? भरावात. मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने टाकावा आणि पाणी मारून धुमसाने चोपावा. एकदम भरलेला मुरूम पहिल्याच पावसाळ्यात खचतो आणि फरशी पोकळ वाजू लागते. ओट्याला बाहेरच्या बाजूस दीड इंच उतार द्यावा. पागोळ्या पडतात तेथे दगडी चर काढावा. आपल्याकडच्या पावसात पाया उघडा पडतो तो तेथूनच. बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारावे. हे सर्व मे महिन्याआधी उरकावे.

एवढाही खर्च झेपत नसेल तर यंदा दगडी कड आणि चोपलेला मुरूम एवढेच करा. वर शेणाने सारवा. फरशी पुढच्या सुगीनंतर बसवता येईल. पाया चांगला असेल तर काही वाया जात नाही.

त्या घरी शेवटी हेच ठरले. मुलाने दोन रविवार येऊन स्वतः मुरूम चोपला. बियाण्याचे पैसे डब्यात तसेच राहिले. पुढच्या कार्तिकात आजीची नागली त्या सारवलेल्या ओट्यावरच वाळली, आणि फरशी त्यानंतर बसली.

बंधू-भगिनींनो, ओटा जरूर बांधा. दाराला शोभा येते, धान्य स्वच्छ राहते, चार माणसे टेकतात. पण आधी बियाणे बाजूला काढा, मग पायाचा दगड ठेवा.