तोरणमाळ : थंडीत भाड्याचा धंदा

प्रकाशाहून शहादामार्गे तोरणमाळला जाता येते. सातपुड्यातले हे थंड हवेचे ठिकाण सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलाव, सीताखाई पाहायला लोक येतात. इथे बर्फ पडत नाही, पण बर्फाच्या गुलमर्गकडून धंदा शिकता येतो. तिथे १९९८ साली केबल कार सुरू झाली. तिकिटाचा पैसा सरकारी महामंडळाकडे जातो. स्थानिकांची कमाई स्की, बूट, कोट भाड्याने देण्यात आणि लाकडी स्लेज ओढण्यात. दोन दिवसांचा पाहुणा जाड कोट विकत घेत नाही.

आपल्या पिंजारी व शिंपी बांधवांनी हाच हिशेब करावा. रजई विकली की पैसे एकदाच. मुक्कामाच्या ठिकाणी भाड्याने दिली तर हंगामभर. मात्र धुलाई व साठवणीचा खर्च आधी धरावा, अनामत घ्यावी.