किल्टखालचे बूट

विजारीखाली बूट निम्माशिम्मा झाकलेला असतो. झिजलेली टाच, जुनी नाडी, चामड्यावरच्या सुरकुत्या, हे सगळं विजारीची दुमड पोटात घालते. किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, त्यात ती सोय नाही. निऱ्या गुडघ्याच्या मध्यावर संपतात, त्याखाली काही बोटं उघडा पाय, मग पोटरीभर जाड लोकरी मोजा आणि त्याखाली अख्खा बूट. त्यामुळे पहिल्यांदा किल्ट घालणाऱ्याला बुटाची काळजी लागते, ती रास्तच आहे.

अडचण पैशांची असते. आठ यार्ड लोकरी कापडाचा, हाताने शिवलेला किल्ट घ्यायचा तर शेकडो पौंड सहज जातात. त्यावर जाकीट, मोजे, पट्टा आणि स्पोरन नावाची कमरेपुढची चामडी पिशवी. बुटांची पाळी येईपर्यंत खिसा हलका झालेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी सांगतं की किल्टचा ‘अस्सल’ बूट म्हणजे गिली ब्रोग, दुसरा चालायचा नाही. काळ्या चामड्याचा हा बूट देखणा असतो, यात शंका नाही. त्याला जीभ नसते, अंगावर भोकांची नक्षी असते, आणि लांबलचक नाडी घोट्याभोवती फिरवून वर बांधतात, तिची गोंडेदार टोकं मोज्यावर लोंबतात. पण ‘अस्सल’ या शब्दाला भिऊन पैसे मोजण्याआधी या बुटाचं कुळ पाहायला हवं.

ते सापडतं जॉन एल्डर या हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातल्या धर्मगुरूच्या पत्रात. 1543च्या सुमारास त्याने इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला आपल्या लोकांची हकिकत कळवली. त्यात पायताणाची कृतीच दिली आहे. तांबड्या हरणाची शिकार करायची, कातडं सोलायचं, त्याच्या आतल्या बाजूवर अनवाणी पाय ठेवायचा, घोट्यापर्यंत पोचेल एवढं माप घेऊन कापायचं. वरच्या भागाला भोकं पाडायची, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडतं. मग त्याच कातड्याची वादी घोट्याच्या वर आवळायची. केसाळ बाजू बाहेर. हे सगळं स्वतःच्या हाताने करायचं, कारण कुशल बूट शिवणारा जवळपास मिळत नाही, असं एल्डर स्पष्ट लिहितो.

गिली ब्रोगची दोन्ही लक्षणं इथे हजर आहेत. भोकं दलदलीतून आणि ओढ्यांतून चालणाऱ्याची गरज होती, घोट्यावरची वादी कच्चं कातडं पायावरून सुटू नये म्हणून होती. आजच्या बुटावरची बहुतेक भोकं आरपार जातसुद्धा नाहीत, आतून अस्तर असतं.

1703मध्ये छापलेल्या मार्टिन मार्टिनच्या स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांच्या वर्णनात बदल दिसतो. पूर्वी हरणाचा, गाईचा किंवा घोड्याचा केसाळ कातडीतुकडा मागेपुढे बांधत, आता बहुतेक लोक एकाच पातळ तळव्याचे बूट घालतात आणि ते डाव्या-उजव्या पायाचे वेगळे असतात, असं तो नोंदवतो. पुढे एडमंड बर्ट हा इंग्रज अधिकारी हायलँडमध्ये राहिला. गाईच्या कच्च्या कातड्याची पायताणं त्याला दिसायला ओंगळ वाटली आणि त्यांचा वास असह्य वाटला. पण लांबचा पल्ला असला आणि वाटेत नद्या असल्या की माणसं नव्याकोऱ्या बुटालाही भोकं पाडतात, पाय सोलवटू नयेत म्हणून, हेही त्याने टिपून ठेवलं. नाक मुरडणाऱ्या माणसाची ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण कुणाच्या पायांचा हा शोध होता ते तिच्यातून कळतं.

किल्टबरोबर मिरवला जाणारा दुसरा बूट बकलाचा. तो आला शहरी फॅशनमधून. लंडनच्या सॅम्युअल पेपिसने बुटाला बकल लावायला सुरुवात केली ती जानेवारी 1660मध्ये, आणि ही गोष्ट त्याने रोजनिशीत नोंदवण्याजोगी मानली. म्हणजे बकलही एके काळी नवी टूमच होती.

मग कलोडनची लढाई झाली, 16 एप्रिल 1746. जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी संसदेने हायलँड पोशाखावर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. कायद्यात प्लेड (अंगावर घ्यायचं लांब लोकरी वस्त्र), छोटा किल्ट, तंग विजार, खांद्याचा पट्टा यांची नावं घेतली आहेत. बुटाचं नाव कुठेच नाही. 1782मध्ये बंदी उठली तेव्हा दोन पिढ्यांची सवय तुटलेली होती. पुढे 1822च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. सोहळ्याची आखणी लेखक वॉल्टर स्कॉटची. राजाच्या हायलँड पोशाखाचं बिल झालं 1,354 पौंडांचं. साटिन, मखमल, काश्मिरी लोकर, सगळं त्यात आलं. ज्या पोशाखासाठी साध्या माणसाला समुद्रापार धाडलं जात होतं, तो दरबारी झाला. व्हिक्टोरिया राणीने हायलँडमधला बालमोरल वाडा जवळ केल्यावर त्याला घरंदाज प्रतिष्ठा आली, आणि शिकारीला सोबत चालणाऱ्या गिलींच्या, म्हणजे चाकरांच्या नावाचा बूट मेजवानीच्या दालनात शिरला.

हे सगळं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. स्वस्त बूट घालून हायलँड पोशाखाचा अपमान होत नाही. हाताशी असेल त्या चामड्यातून पायाला बेतून घेणं, हीच या बुटाची सर्वांत जुनी रीत आहे.

म्हणून पहिला सल्ला असा की आधी घरातला काळा बूट पाहा. एडिंबरा-ग्लासगोला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांकडे मुलाखतीसाठी घेतलेला काळा ऑक्सफर्ड असतोच. मित्राच्या लग्नाला किंवा कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ होणाऱ्या 25 जानेवारीच्या बर्न्स रात्रीला तो किल्टखाली पूर्ण शोभतो. अट एवढीच की चामडं जाडसर हवं, टोक गोल हवं, आणि पॉलिश मन लावून केलेलं हवं. लांब, चपटं, टोकदार नाक मात्र नको. जड निऱ्या आणि जाड मोजा यांच्याखाली ते फार किरकोळ दिसतं. भोकांच्या नक्षीचा साधा ब्रोग असेल तर फारच उत्तम, कारण त्याला पोशाखाचं वजन पेलतं.

गिलीच हवा असेल तर किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानात चौकशी करावी. स्कॉटलंडमध्ये लग्नाची अख्खी वरात भाड्याच्या किल्टमध्ये असते आणि भाड्यात बूटही येतात. वापरून झालेला माल ही दुकानं कमी किमतीत काढतात. धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतही चांगले जोड सापडतात, कारण हा बूट वर्षातून एक-दोनदाच पायात जातो. पण इथेच एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या दमटपणाने आतून खंगतो. न वापरता खोक्यात ठेवला तरी काही वर्षांनी त्याचा भुगा होतो, तोही ऐन नाचात. अंगठ्याने तळ दाबून पाहा. चिकट लागला किंवा कडेला बारीक तडे दिसले तर फुकटही घेऊ नका. क्वचित वापराच्या बुटाला रबरी तळ चांगला. चामडी तळ दिसतो सुंदर आणि पुन्हा बसवताही येतो, पण एडिंबऱ्याच्या ओल्या दगडी रस्त्यावर नवा असताना घसरतो. कृत्रिम कातड्याचा वरचा भाग एक-दोन प्रसंगांपुरता चालेल, मात्र बोटांपाशी मोड पडते तिथे तो सोलतो आणि त्याला पॉलिशचा उपाय नसतो.

सियालकोटहून जगभर जाणारे स्वस्त किल्टचे संच बाजारात खूप आहेत. त्यांत बूट असले तर पैसे देण्याआधी तळाचं आणि वरच्या भागाचं साहित्य विचारून घ्यावं. आणखी एक घोटाळा टाळावा. हायलँड नर्तकांच्या मऊ, पातळ पंपांनाही गिलीच म्हणतात. ते लाकडी मंचासाठी असतात, रस्त्यावर तासभर टिकणार नाहीत.

माप किल्टचेच मोजे घालून घ्या, शक्यतो संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना. गिलीला जीभ नसल्याने नाडी थेट पावलाच्या उंचवट्यावर दाबते. मोजा पातळ असेल तर रात्रभर वळ सोसावे लागतात. बांधताना नाडी पावलावर ओढून घ्यावी, समोर तीन-चार पीळ द्यावेत, घोट्यामागून फिरवून पुढे आणावी आणि घोट्याच्या जरा वर गाठ मारावी. पोटरीवर चढवत नेऊ नये, ती घसरते आणि रूपही बिघडतं. केइलीत, म्हणजे सामूहिक नाचाच्या रात्री, ‘स्ट्रिप द विलो’ सुरू झाला की ओळीतला प्रत्येक जण भोवऱ्यासारखा फिरवला जातो. त्याआधी गाठ दुहेरी करून गोंडे मोज्याच्या घडीत खोचून टाकावेत, नाहीतर शेजाऱ्याचा पाय त्यांवर पडतो आणि दोघेही खाली येतात.