रेफरल म्हणजे वशिला नव्हे

संभाजीनगरात कॉम्प्युटर इंजिनिअर झालेल्या मुलीला घरून पहिला प्रश्न येतो, "पुण्यालाच कशाला? इथे नोकऱ्या नाहीत का?" आहेत, पण चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथले कारखाने मुख्यतः वाहनांचे सुटे भाग, औषधे, यंत्रे यांचे. सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपन्या हिंजवडी-खराडीकडे. म्हणून मुलीला घर सोडावे लागते, आणि बऱ्याच घरांत गाडी इथेच अडते.

शिकण्याची वाट बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय काढून मोकळी केली. नागसेनवनाने आपल्या पिढ्या घडवल्या. आज शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, शिष्यवृत्ती आहे. पण संविधानाच्या १६व्या कलमातले आरक्षण सरकारी नोकरीपुरते. खासगी आयटी कंपनीच्या दारात ते संपते आणि तिथे चालते ती ओळख. तिचे कंपनीतले नाव रेफरल.

हे नीट समजून घेऊ. कंपनीत जागा निघाली की कर्मचारी आपल्या माहितीतल्या उमेदवाराचा बायोडाटा कंपनीच्या आतल्या पोर्टलवर टाकतो. वेबसाइटवरून आलेल्या अर्जांच्या ढिगात तुमचा अर्ज कोणी उघडेलच असे नाही. रेफरलचा मात्र सहसा आधी पाहिला जातो. उमेदवार लागला तर अनेक कंपन्या त्या कर्मचाऱ्याला बक्षीसही देतात. मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. नापास झालात तर रेफर करणाऱ्याची नोकरी जात नाही.

तरी आपल्या मुली मागत नाहीत, कारण त्यांना तो वशिला वाटतो. आणि आत बसलेले आपले काही लोक देत नाहीत. आडनावावरून कोणी ओळखेल, मग 'यांचेच लोक भरतो' म्हणतील, ही भीती. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण बाकीचे लोक आपापल्या भाच्या-पुतण्यांना रोज बिनधास्त रेफर करतात, तेव्हा 'यांचेच लोक' असे कोणी म्हणत नाही!

मुलांच्या ओळखी रूमवर, चहाच्या टपरीवर होतात. मुलीच्या पीजीचे गेट रात्री लवकर बंद होते. पुढे बाळंतपणात नोकरी सुटली की परतीची वाटही पुन्हा ओळखीतूनच जाते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू मांडली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. पण हे सगळे आत असलेल्या बाईसाठी. नोकरी सोडलेल्या बाईला परत आत घेणारा कायदा नाही.

तेव्हा ताईंनो, मागा. कॉलेजच्या सीनिअरला लिंक्डइनवर "दादा, जॉब आहे का?" एवढेच लिहू नका, त्याला काय करायचे ते कळत नाही. कंपनीच्या वेबसाइटवरून जागेचा क्रमांक काढा, सोबत एक पानी बायोडाटा आणि तुमच्या कामाची गिटहब लिंक द्या, तुम्ही त्या जागेला का योग्य आहात ते तीन ओळींत लिहा. आठवड्याने एकदा आठवण करा. बायोडाटात जात, वडिलांचा व्यवसाय, लग्न झाले की नाही, यातले काही लागत नाही. त्या जागेत एक प्रोजेक्ट बसतो.