लॅपटॉपचा 'हँग'ओव्हर!

सोमवार सकाळ, साडेदहा वाजलेत. अकराला क्लायंटचा कॉल. तुम्ही लॅपटॉप उघडता आणि कर्सरच्या जागी ते निळं चक्र गरगर फिरायला लागतं. एक्सेल उघडलेलं नाही, व्हिडिओ चालू नाही, तरी फॅनचा आवाज असा की शेजारच्या क्युबिकलमधला माणूस मान वर करून बघतोय. मग काय, आपण सगळे करतो तेच… आणखी दहा क्लिक, मनातल्या मनात दोन शिव्या, आणि लंच टाइममध्ये नव्या लॅपटॉपच्या ईएमआयची चौकशी!

जरा थांबा. पन्नास-साठ हजारांचा खड्डा पाडून घेण्याआधी तीन बटणं एकत्र दाबून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप.

उघडतो तो टास्क मॅनेजर. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनीअरने तो लिहिला आणि १९९६ साली विंडोज एनटी ४.० मध्ये तो पहिल्यांदा आला. बहुतेक जण तो उघडतात, नावांची भली मोठी यादी बघून टरकतात आणि बंद करतात. खरं तर सगळी नावं कळायची गरजच नाही. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम असतात. सीपीयूवर क्लिक केलंत की सगळ्यात खादाड प्रोसेस यादीत सगळ्यात वर येते. डिस्कचंही तसंच. निम्मी शोधमोहीम इथेच संपली.

आता खरी मेख. समोरचा प्रोग्रॅम हँग झाला तर विंडोज ते स्वतःच सांगतं. पाच सेकंद त्याने काहीच प्रतिसाद दिला नाही, की वर 'नॉट रिस्पाँडिंग'ची पाटी लागते. पण बॅकग्राउंडला चालणाऱ्या प्रोसेसला बहुतेक वेळा खिडकीच नसते, मग पाटी लावणार कुठे? ती आत अडकून पडली तरी यादीत अगदी साळसूद दिसते. त्यामुळे ती काम करतेय की अडकलीय, हे आपणच ओळखायचं. आणि हे ओळखता आलं तर बाकी सगळं सोपं आहे.

काम करणाऱ्या प्रोसेसचे आकडे सहसा हलतात. सीपीयू वर जातो, खाली येतो, डिस्कवर काहीतरी चालू असतं, आणि थोड्या वेळाने सगळं शांत होतं. अडकलेलीचा आकडा बऱ्याचदा खिळल्यासारखा एकाच जागी असतो. डिस्क शून्य, नेटवर्क शून्य, सीपीयू मात्र तासाभरापूर्वी होता तेवढाच. हा आकडा फार मोठा असेल असंही नाही बरं का! माझ्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर एक प्रोसेस सतत २५ टक्क्यांवर होती. पंचवीसच तर आहे, म्हणून तिने सोडून दिलं. पण तिचा प्रोसेसर चार कोअरचा होता. पंचवीस टक्के म्हणजे त्यातला एक कोअर पूर्णपणे अडवून ती प्रोसेस जागच्या जागी गोल गोल फिरत होती. आठ कोअर असतील तर हाच आकडा साडेबारा दिसतो. ती प्रोसेस निघाली एका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची, आणि प्रिंटर केव्हाच भंगारात गेलेला!

उलट काही मंडळी उगाच बदनाम आहेत. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे विंडोजचा स्वतःचा व्हायरस-पहारेकरी. 'सर्च इंडेक्सर' फाइल्सची सूची बनवतो. 'मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' अपडेट बसवतो. शनिवार-रविवार लॅपटॉप बंद होता, मग ही तिघं सोमवारी सकाळी एकदमच कामाला लागली तर नवल काय? चार्जर लावा आणि चहा पिऊन या. तासाभरात शांत झाली नाहीत तर मग संशय घ्या. आणि डिटेल्सच्या टॅबमध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसली तर सापडला चोर म्हणून ओरडू नका. ते ९५ टक्के म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय!

मॅकवाल्यांनी हसू नये. तुमच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'कर्नल टास्क' कधीकधी प्रचंड सीपीयू खाताना दिसतो. पण बऱ्याचदा तो मशीन थंड ठेवायला मुद्दाम इतरांची जागा अडवून बसलेला असतो. लॅपटॉप उशीवरून उचलून टेबलावर ठेवा, फरक पडेल.

गुन्हेगार सापडला, आकडा खिळलेला, तर राइट क्लिक आणि 'एंड टास्क'. पण एक लक्षात घ्या, हा निरोप समारंभ नाही, सरळ गचांडी आहे. सेव्ह न केलेलं काम जातं. वर्ड आपलं आपण रिकव्हरीची प्रत ठेवतं, पण नेहमीच्या सेटिंगला दर दहा मिनिटांनी. म्हणजे नववं मिनिट चालू असेल तर तुमचं नशीब! फाइल्स क्लाउडवर चढवणारं सॉफ्टवेअर मारताना तर आधी अपलोड पूर्ण झालंय ना ते बघा.

कधीकधी मारलेली प्रोसेस दोन मिनिटांत परत येते, मौन मोडल्यावर वेताळ पुन्हा झाडावर, तशी. अशा वेळी मारत बसण्यात अर्थ नाही. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये जाऊन तिला डिसेबल करा, किंवा ते सॉफ्टवेअरच काढून टाका. ब्राउझरचीही एक खोड आहे. क्रोमची खिडकी बंद केली तरी ते मागे चालू राहू शकतं. सेटिंग्जच्या 'सिस्टिम' भागात तो पर्याय बंद करता येतो. आणि कुठला टॅब जास्त खातोय ते बघायला क्रोम उघडं असताना शिफ्ट-एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो.

'पण मी तर रोज शट डाउन करते!' असं म्हणणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शट डाउनमध्ये तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स नुसते झोपी जातात आणि दुसऱ्या दिवशी तसेच उठतात, आजारासकट. खरी आंघोळ 'रीस्टार्ट'मध्ये. आठवड्यातून एकदा तरी घाला.

बाय द वे, टास्क मॅनेजरही धुतल्या तांदळासारखा नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या एका ऐच्छिक अपडेटनंतर काही मशीन्सवर तो फुलीवर क्लिक करूनही बंद होईना, आतल्या आत चालूच राहायचा. दहा वेळा उघडला-मिटला की दहा टास्क मॅनेजर! नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर यातल्या अर्ध्या गोष्टी करायची परवानगीच नसते, आणि सिक्युरिटीच्या सॉफ्टवेअरला तर हातही लावू नका. आयटीला मेल टाका, पण 'लॅपटॉप स्लो आहे' एवढंच नको. प्रोसेसचं नाव, सीपीयूचा आकडा, किती वेळ खिळलाय ते, आणि सोबत स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट 'एंड टास्क' करायच्या आधी घ्या. नंतर आयटीवाला जागेवर येतो तेव्हा लॅपटॉप हमखास सुतासारखा सरळ चालत असतो.