क्षणभर उघडणारी झडप

संपादकांना एखाद्या यंत्रावर लेख हवा होता आणि माझ्या डोक्यात बरेच दिवस एक झडप घोळत होती. धातूच्या दोन बारीक नळ्यांच्या मध्ये सिलिकॉनच्या नळीचा एक तुकडा असतो. झडप त्याला चिमटीत दाबून धरते, सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागापुरती सैल सोडते आणि पुन्हा दाबते. उचलून नेता येणारा मास स्पेक्ट्रोमीटर घडवताना या झडपेने मोठीच अडचण दूर केली.

तिच्यामागे ग्रॅहम कुक्स या रसायनशास्त्रज्ञाची मोठी वाटचाल आहे. जन्म १९४१चा, दक्षिण आफ्रिकेतला. पहिली डॉक्टरेट नाताळ विद्यापीठाची, दुसरी केंब्रिजची. १९७१मध्ये ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आले.

मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंवर विद्युतभार चढवतो आणि तयार झालेल्या आयनांना वस्तुमान व भार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळं करतो. पण रक्ताच्या थेंबात हजारो पदार्थ असतात. म्हणून नमुना आधी गाळा, शुद्ध करा, घटक वेगळे करा, मग यंत्रात घाला, अशी रीत होती. कुक्स यांनी धरलेली वाट वेगळी: मिश्रण तसंच आत घ्यायचं, हवा तो आयन यंत्रातच निवडायचा, वायूच्या रेणूंवर आदळून फोडायचा आणि तुकड्यांवरून ओळखायचा. सत्तरच्या दशकात या पद्धतीच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता.

२००४ साली झोल्टन टकाच आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ‘सायन्स’मध्ये ‘डेसी’ तंत्र मांडलं. विद्युतभारित द्रावकाचा फवारा उघड्या हवेत थेट वस्तूवर मारायचा. पृष्ठभागावर द्रावकाचा पातळ थर साचतो आणि त्यात वस्तूवरचे रेणू उतरतात. मागून येणारे थेंब त्या थरावर आदळले की बारीक तुषार उडतात आणि रेणू यंत्राच्या तोंडाशी पोहोचतात. २००८ साली याच तंत्राने बोटाच्या ठशातल्या रेषा आणि त्या रेषांवरचं कोकेन एकाच चित्रात दिसलं. २०१०मध्ये कागदाचा साधा त्रिकोण पुढे आला: त्यावर रक्ताचा थेंब, वर थोडा द्रावक, काही हजार व्होल्टचा दाब, आणि टोकातून आयनांचा फवारा.

नमुना उघड्यावर आला, पण मोजणी निर्वातातच करावी लागते. आयन आत घ्यायचे तर सोबत हवाही घुसते. मोठी यंत्रं ती दांडग्या पंपांनी उपसतात. बॅटरीवरच्या यंत्राला ते परवडत नाही. झेंग ओयांग आणि कुक्स यांच्या गटाने २००८मध्ये पंप वाढवण्याऐवजी हवाच कमी घेतली. झडप उघडते, हवा आणि आयन आत येतात, झडप मिटते. विद्युत क्षेत्र आयनांना सापळ्यात धरून ठेवतं आणि तेवढ्या वेळात छोटा पंप हवा उपसून टाकतो. हवा जाते, आयन राहतात, मग मोजणी होते. ही युक्ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झालो आणि आजही होतो.

तिची किंमत मात्र मोजावी लागते. झडप मिटलेली असताना बाहेर तयार होणारे आयन वाया जातात. छोट्या सापळ्याला वस्तुमानातला बारीक फरक दिसत नाही. तिथे आयन फोडण्याची जुनी युक्ती मदतीला येते. पण एकाच वस्तुमानाचे काही रेणू फुटूनही सारखेच तुकडे देतात. रक्तातले क्षार हव्या त्या रेणूचा संकेत दाबून टाकतात. त्यामुळे एखादं औषध रक्तात आहे हे सांगणं त्या मानाने सोपं, किती आहे हे सांगणं अवघड. त्यासाठी त्याच औषधाचा समस्थानिक घातलेला नमुना ठरावीक प्रमाणात मिसळून तुलना करावी लागते.

आणि चुकीला जागा कमी आहे. बोस्टनच्या डॉक्टरांसोबत कुक्स यांनी केलेल्या कामात, मेंदूच्या काही गाठींमध्ये साचणारं २-हायड्रॉक्सीग्लुटरेट ‘डेसी’ने शस्त्रक्रियेदरम्यान काही मिनिटांत ओळखता आलं; हे काम २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे कमी कापलं तर गाठ उरते, जास्त कापलं तर माणसाची वाचाही जाऊ शकते.

उचलून नेता येणारं असं यंत्र पोलिसांच्या हाती गेलं की मला काळजी वाटते. मिनिटभरात आलेलं ‘सापडलं’ हे उत्तर चुकीचं असू शकतं आणि ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘यंत्राला दिसलं नाही’ एवढाच असू शकतो. म्हणून अशा यंत्रावर पैसे खर्च करणाऱ्याने दुसऱ्या, स्वतंत्र तपासणीचीही तरतूद करावी आणि तिचा अहवाल येईपर्यंत या उत्तराच्या जोरावर कुणालाही दोषी धरू नये.