पाऊस वर, पाणी खाली

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहुपे, पूर्वेला मंचर. सरळ रेषेत अंतर सुमारे ४० किलोमीटर. आहुप्याला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि मंचरला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा.

अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांपुढे सह्याद्रीचा कडा आडवा येतो. हवा वर ढकलली जाते, गार होते आणि घाटमाथ्यावर रिती होते. माथा ओलांडून उतरताना ती पुन्हा तापते, ढग विरतात. जुन्नरच्या नाणेघाटात या वाऱ्याचा जोर असा, की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं.

आहुप्याजवळ उगम पावलेली घोड नदी याच उतारावरून पूर्वेला येते. डोंगरातलं खोरं जिथं संपत येतं, तिथं डिंभ्याला तिला अडवलं आहे. जागा अचूक निवडलेली आहे, हे मान्यच करायला हवं. महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव मिरवणारा हा साडेतेरा टीएमसीचा जलाशय कुकडी प्रकल्पातला सर्वांत मोठा. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही त्याची भावंडं. प्रकल्पाचे कालवे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट करमाळ्यापर्यंत जातात. तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव मात्र पाण्याखाली गेलं.

आणि धरणाच्या वरच्या अंगाला? जिथं पाऊस कोसळतो, त्याच वाड्यांमध्ये एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. कारण जमिनीतच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा हा काळा पाषाण. त्यात पाणी मुरतं ते फक्त भेगांतून आणि सांध्यांतून. वरची माती पातळ, उतार तीव्र. पाऊस ओसरला की ओढे आटू लागतात.

इथल्या महादेव कोळ्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे पडकई. शेजाऱ्यांनी पाळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबायचं, उतारावर दगडी बांध घालून भाताची खाचरं काढायची. माती थांबते, पाणी थोडं रेंगाळतं. ३० जुलै २०१४ रोजी याच खोऱ्यातल्या माळीणवर डोंगर कोसळून १५१ माणसं गेली, तेव्हा खाचरांकडेही बोट दाखवलं गेलं. मला ते सरसकट पटत नाही. हातानं, उतार बघून, पाण्याला वाट ठेवून रचलेला बांध वेगळा आणि यंत्रानं कापलेला डोंगर वेगळा. दोन्हींना एकाच मापानं मोजलं, तर डोंगराची खरी जाण असलेली माणसंच आरोपी ठरतात.

डिंभ्याच्या पाण्यावरून खालच्या तालुक्यांमध्ये दरवर्षी ओढाताण होते. त्या वाटपात पहिला आकडा धरणाच्या वरच्या आहुपे आणि पाटण खोऱ्यांतल्या वाड्यांचा मांडला जावा. त्यांचं पिण्याचं पाणी आणि एका उन्हाळी पिकापुरतं पाणी उपसून वर पोचवावं, मगच कालव्याचे दरवाजे उघडावेत.