सात ते साडेतीनची पाळी

सकाळी 6.40
पाळी सातला सुरू होते, पण चाकणच्या आमच्या मशीन शॉपमध्ये दिवसाचं निम्मं भवितव्य त्याआधीच्या वीस मिनिटांत ठरतं. रात्रपाळीचा सुपरवायझर जांभई देत लॉगबुक पुढे सरकवतो. त्यात लिहिलेलं असतं, 'सर्व मशीन ओके'. या तीन शब्दांवर माझा काडीचाही विश्वास नाही. "भाऊ, जरा मशीनपाशी चला," म्हणतो.

मशीनसमोर उभं राहिलं की माणूस बोलायला लागतो. "दोन नंबरचा इन्सर्ट तीनच्या सुमाराला बदलला. बोअर वरच्या बाजूला जात होता, म्हणून दहा मायक्रॉन मायनस ऑफसेट दिलाय. आणि कूलंट कमी झालंय, तेवढं बघा." यातलं अक्षरही लॉगबुकात नव्हतं. तो लपवत होता अशातला भाग नाही. पहाटे पाचला पेन हातात घेतलं की कुणाच्याही हातून 'ओके'च उमटतं.

"म्हणजे पहिला तास दर पाचव्या पीसला गेज लावू?" मी विचारतो.

"छे, प्रत्येक पीसला लावा. अजून बसलेला नाही तो."

ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवलं, म्हणून हे निघालं. मान डोलावून निघून गेलो असतो तर मधले चारही पीस न मोजता पुढे गेले असते.

आमच्याकडे चूक झाली तर माल लाल पेटीत जातो, एवढंच. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर 167 माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता आणि ते रात्रपाळीपर्यंत नीट पोचलं नाही. चालू पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला. कारणं पुढे बरीच निघाली, पण सुरुवात इथे होती. कागद होता, पण योग्य माणसासमोर नव्हता. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगतात, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुजही थांबते.

7.05
उभ्याउभ्या पाच मिनिटांची मीटिंग. समोर लातूर-नांदेडची मुलं, बिहारची, ओडिशाची. भाषा चाकणची हिंदी, जिचं व्याकरण कुणीही विचारू नये. "समझ गये?" म्हटलं की सगळे एका सुरात "हां सर". या होकाराला काही किंमत नाही. साहेबाला 'नाही समजलं' म्हणायचं धाडस कंत्राटी पोराने का करावं? त्यामुळे मी एक चांगला आणि एक बर (कडेला राहिलेली धातूची धार) आलेला पीस हातात देतो आणि बोट फिरवायला लावतो. बर नखाला लागते. मग भाषांतराची गरज उरत नाही.

8.30
जनरल शिफ्टची मंडळी येतात. बोर्डासमोर रोजची मीटिंग: सेफ्टी, क्वालिटी, डिलिव्हरी, कॉस्ट. खुर्च्या नाहीत, हे त्या मीटिंगचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. दहा मिनिटांत उरकते.

9.40
चार नंबरचा लाल दिवा पेटतो. टोयोटाच्या कारखान्यात कामगार दोरी ओढतो, मग लीडर धावत येतो, आणि ठरल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आमच्याकडे दोरीऐवजी बटण आहे. पण बटण बसवणं सोपं, ते दाबलं जाणं अवघड. महिन्याभरापूर्वी आलेला पोरगा दिव्याखाली अवघडून उभा आहे. लांबून मेंटेनन्सवाल्यांचा आवाज येतो, "किसने रोका?"

मी पुढे होतो. "क्या हुआ?"

"सर, आवाज अलग आ रहा है."

क्लॅम्प सैल झाला होता. अर्धा तास गेला, उत्पादन मागे पडलं, साहेबांचा फोनही आला. पोराला मात्र सगळ्यांसमोर "बरोबर केलंस" म्हटलं. पहिल्यांदा बटण दाबणाऱ्याला काय ऐकायला मिळतं, ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या शॉपला माहीत होतं. तिथे ओरडा पडला की पुढचे सहा महिने दिवे हिरवेच राहतात आणि माल मात्र ग्राहकाकडून परत येतो.

11.15
डिझाइनची मेल. चॅम्फर, म्हणजे कडेचा तिरका काप, 0.5 चा 1 मिलिमीटर झाला, ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन जोडलंय, सीसीमध्ये अर्धी कंपनी, आणि शेवटी 'प्लीज डू द नीडफुल'. हे नीडफुल कोणी करायचं, हे इंग्रजांनाही सांगता येणार नाही. मेल पाठवणाऱ्याच्या लेखी काम झालं. मशीनवर अजून जुनीच प्रिंट टांगलेली आहे आणि ऑपरेटरला मेल आयडीच नाही.

मी डिझाइनच्या बाईंना फोन लावतो. "मॅडम, कुठल्या लॉटपासून?" पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "थांबा, प्लॅनिंगला विचारते." सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मेलमध्ये नव्हती. उत्तर येईपर्यंत जुनी प्रिंट काढत नाही, पण मशीनवर पिवळा होल्ड टॅग लागतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही मेल कुणीतरी आधीच टाकली आहे. वर गुलाबाच्या फोटोसकट सुप्रभात, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक, मध्ये चॅम्फर. ब्रेकडाउनचा ग्रुप वेगळा करा, हे मी सांगून थकलो.

12.30
कँटीन. दिवाळीआधी रविवारी काम लागणार, अशी कुजबुज. एचआरने नोटीस लावलेली नाही, म्हणून प्रत्येक टेबलावर वेगळी तारीख. जेवताना एचआरच्या साहेबांना गाठून सांगतो, "ठरलं नसेल तर 'ठरलं नाही' एवढं तरी लावा." ते हसतात. दीडला नोटीस लागते.

1.50
प्लॅनिंगचा निरोप: आजच्या दुसऱ्या पाळीपासून नवा चॅम्फर. जुन्या प्रिंटची कंट्रोल्ड कॉपी परत करून नवी घेतो, बदललेल्या मापाभोवती लाल गोल काढतो आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घेतो. बोर्डावर हिंदीत दोन ओळी, शेजारी चित्र.

3.10
दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर काका येतात. नोकरीत माझ्याहून जुने, बोलणं मोजकं. मशीनपाशी नेऊन नवी प्रिंट, पास झालेला पीस, बोर्ड, सगळं दाखवतो. ते ऐकून घेतात आणि विचारतात, "अर्धा मिलिमीटरवाले किती पडलेत इथे?"

ट्रॉलीत दोन क्रेट होते, दोन्हींवर टॅग नाही. मला आजच्या बदलाची घाई, त्यांना कालच्या मालाची काळजी. दोघांनी मिळून मोजले, जुन्या रिव्हिजनचा टॅग लावला आणि क्रेट वेगळ्या रॅकवर हलवले. तोवर साडेतीनची बस मोशीच्या दिशेने निघून गेली होती.